गाठोडं गेलं रेणापूरला

"जग हिंडल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही!" स्टँडच्या कट्ट्यावर उभं राहून अंगदने जाहीर केलं.

अंगदचं जग वर नांदेडला सुरू होऊन खाली लातूरला संपत होतं. एकदा उदगीरही झालं होतं. पण तेव्हा तो मामाच्या मांडीवर झोपलेला होता, म्हणून प्रामाणिकपणे ते तो धरत नसे.

"मग तू कधी होणार शहाणा?" जयाने विचारलं. जया त्याची चुलतबहीण. वयाने सातवीतली, जिभेने दहावीतली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोघं आणि त्यांचा मित्र सत्यम नांदेडला आत्याकडे निघाले होते. मोहिमेचा सरदार अर्थातच अंगद. त्याचा एकच नियम होता : प्रवासात कुणाला काही विचारायचं नाही. विचारतात ते नवखे!

शेजारी मांडीवर गाठोडं घेऊन पंचफुलाबाई नावाच्या एक आज्जी बसल्या होत्या.

"कुठं निघालात, आज्जी?" सत्यमने विचारलं.

"नांदेडजवळ, विष्णुपुरीला, बाबा. लेकीच्या लेकराचं बारसं हाय दुपारी." त्यांनी गाठ सैल करून आतलं दुपटं दाखवलं. हिरवे, जांभळे तुकडे आणि मुंगीच्या पावलांसारखे टाके. "माज्या मायच्या लुगड्याचं हाय. माज्या लेकीला, बबिताला बी असल्याच दुपट्यावर पाळण्यात घातलं व्हतं. डोळ्यानं दिसंना, तरी हिवाळाभर शिवत बसले."

तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. पाटीवर 'नांदेड'! खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा आपल्याकडचा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणूनच तो सगळे पाळतात. अंगदने रुमाल काढला. पण एवढ्याशा रुमालाला कोण भिणार?

"आज्जी, गाठोडं द्या!"

"आरं, ही नांदेडचीच हाय का, इचारून तर घे कुणाला!"

"मी विचारत नसतो, आज्जी. मला ठावं असतं!"

"अंगद, आतल्या बाया वेगळंच काहीतरी बोलतायत," जया म्हणाली.

"सरदाराला शिकवू नको!" अंगदने तिसऱ्या खिडकीतून गाठोडं आत ढकललं, आणि ड्रायव्हर चहाला गेलाय असं बघून सगळ्यांना उसाच्या रसाला घेऊन गेला.

रस पिऊन आले, तर नांदेडची गाडी उभीच होती. अंगद ऐटीत चढला. तिसऱ्या खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ शेंगा खात बसले होते. गाठोडं गायब!

"चोरी! आमचं गाठोडं कुठाय?" तो ओरडला आणि थेट त्यांच्या पायांखाली शिरला.

"आरं, टरफलं हायत तिथं!" गृहस्थ दचकले. "ही गाडी आत्ताच लागली, लेका. पहिली गेली की!"

जया कपाळाला हात लावून खाली उभी होती. "त्या गाडीत भाजी-माळव्याच्या रिकाम्या टोपल्या होत्या. बाया म्हणत होत्या, 'रेणापूर आलं की उठवा.' नांदेडला जाणारी गाडी रेणापूरला कशाला जाईल?"

अंगद खाली उडी मारून चौकशीकडे धावला.

चौकशीच्या खिडकीमागे किशनराव मोबाइलवर क्रिकेट बघत होते. "जुनी पाटी काढायची ऱ्हायली असंल. गाडी काय पाटी वाचून जाती व्हय?"

"काका, कंडक्टरला फोन लावा ना!" सत्यम म्हणाला.

"फोन कामासाठी हाय," म्हणून ते पुन्हा कामाला, म्हणजे क्रिकेटला लागले.

जयाने त्यांच्या डोक्यावरचा फलक मोठ्याने वाचला. "'बेवारस वस्तू दिसल्यास त्वरित कळवावे.' काका, कळवते! रेणापूरच्या गाडीत तिसऱ्या खिडकीशी बेवारस वस्तू आहे. आणि तुम्हाला कळवलंय, हे मी सगळ्या स्टँडला सांगते!"

किशनराव ताडकन उठले. फोन लागला!

खबर मात्र वाटेत फुगली आणि गाठोड्याचा बॉम्ब झाला. कंडक्टरने भर माळावर गाडी रिकामी केली आणि लांब काठीने गाठोडं खाली ओढलं. आतून दुपटं निघालं, तेव्हा माळव्याच्या बाया त्याला काय म्हणाल्या ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही. परतीच्या गाडीने गाठोडं यायला मात्र उन्हं कलली.

त्याआधीच बबिताचा फोन आला होता. सगळे म्हणत होते, रिकाम्या हातांनी तरी जा. पण दुपट्याशिवाय पंचफुलाबाई हलल्या नाहीत.

"घाला लेकराला पाळण्यात," त्या फोनवर म्हणाल्या. "शेजारणीची चादर घ्या. आगं, न्हाई, कुणाची चूक न्हाई. गाडीच उशिरा हाय."

फोनमधून बायकांचं पाळणा म्हणणं ऐकू येत होतं. पंचफुलाबाई ते ऐकत मोकळ्या मांडीवर हलकेच थोपटत राहिल्या. अंगदला तिकडे बघवेना. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गाठोडं आल्यावर किशनरावांना भरून आलं. "शाब्बास! काय डोकं हाय पोरांचं!" त्यांनी अंगदच्याच पाठीवर थाप मारली. ती त्याला चपराकीसारखी लागली.

"डोकं जयाचं होतं," तो पुटपुटला आणि पंचफुलाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "आज्जी, बारसं माझ्यामुळं हुकलं. यापुढं मी जगात कुठंही गेलो, काशीला गेलो, काश्मीरला गेलो, तरी शपथ घेऊन सांगतो…"

"जाशील बाबा, लई फिरशील," दुपट्यावरची धूळ झटकत पंचफुलाबाई म्हणाल्या. "पर आधी नांदेडची गाडी कोणती, तेवढं कुणाला तरी इचारून ये."