सुरंगीच्या टाळूवरचा डोंगर

पैज लावतो, यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. सन २०६४ मध्ये मी तिळाएवढा होऊन माझ्या नातीच्या तोंडात फिरून आलोय!

आम्ही गुरव, देवळात सनई वाजवणारे. माझी ही नात सुरंगी तेव्हा तेरा वर्षांची, तीही सनई वाजवायची. तिच्या टाळूवर मागे, एका बाजूला, वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. "सनईची फुंकायची पत्ती टोचली असेल," असं म्हणत मी आठ महिने मध लावत बसलो. गाठ बोराएवढी झाली, तेव्हा कुठे आम्ही खाडीतला तरंगता दवाखाना गाठला.

डॉक्टर मुकादमबाईंनी सुईने गाठीतला कण काढून तपासला. "टाळूत शेकडो लहान लाळग्रंथी (लाळ तयार करणारे इवलेसे कारखाने) असतात. त्यांतल्या एकीच्या पेशी थांबायचं विसरल्यात. पण गाठ सौम्य आहे (शरीरभर न पसरणारी)."

"मग राहू द्या की!" मी म्हणालो.

"वाढतच राहील, आबा. फार वर्षांनी क्वचित बिघडतेही. आणि पोखरून चालत नाही. एखादा कण मागे राहिला, तर पुन्हा उगवते. भोवतीच्या थोड्या निरोगी अस्तरासकट अख्खी काढायची."

सुरंगीने हळूच विचारलं, "टाळूला भोक पडलं तर?"

टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत. तिला भोक पडलं, की फुंक नाकातून निसटणार आणि सनई कायमची मुकी.

तिला भूल दिली. तिळाएवढ्या यंत्रमानवांनी गाठ अख्खी काढली, बाईंनी जखमेवर पारदर्शक पट्टी बसवली. तीन आठवडे पोरगी पाटीवर लिहून बोलली.

मग पट्टी काढायचा दिवस आला. बाईंनी थंडगार आरसा हातात घेतला. "बोल काहीतरी. बोलताना मी हा नाकाखाली धरीन; नाकातून हवा निसटली, तर यावर वाफ धरेल."

सुरंगी आरशाकडे बघत राहिली. ओठ उघडेनात. मग मी आपलं तोंड सुरू केलं. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. मीही तिळाएवढा होऊन आत शिरलो होतो. एक यंत्रमानव भलतीकडेच कापत सुटला होता. मी त्याच्या मानगुटीवर बसलो, कान पिळला आणि गाठ एकट्याने खांद्यावर घेऊन..."

"थाप!" सुरंगी ओरडली. बाईंनी पटकन आरसा तिच्या नाकाखाली सरकवला. "आबा, साफ थाप!"

बाईंनी आरसा उजेडात धरला. वाफेचा ठिपकासुद्धा नव्हता.

"गाठ काढत होते तेव्हा तुम्ही बाहेर पायरीवर रडत होतात की!" सुरंगी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय मला."