मेणावरचं निळं हरीण

नवागामच्या रद्दीवाल्याकडे दोघांचे हात एकाच इंग्रजी मासिकावर पडले. वर्षा कापडाच्या लूमवर दोऱ्याच्या कांड्या भरायची; उघड्या पानावरचं दोऱ्यांचं चित्र बघून ती थबकली होती. निळं हरीण, मक्याची कणसं, मधोमध सूर्य... हिलाल हजीऱ्याच्या कारखान्यात वेल्डर. त्याला इंग्रजी वाचायचा सराव हवा होता.

"तुम्हीच घ्या," तो म्हणाला.

"मग वाचून कोण सांगणार?" ती बोलून गेली—आणि तिचे कान तापले.

मग दर रविवारी तो तिच्या मावशीच्या, उषाबाईंच्या ओट्यावर येऊ लागला. अडखळत वाचायचा. मेक्सिकोतले हुईचोल लोक फळीवर मेण थापतात, त्यात दोरा दाबतात. ती नुसती शोभा नाही, प्रार्थना असते. हरीण देवांपर्यंतची वाट दाखवतं. मधला गोल म्हणजे झरोका. त्यातून माणसानं देवाला बघायचं, देवानं माणसाला.

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून," म्हणत त्यानं नजर उचलली. ती तिच्यावरच राहिली.

वर्षानं मोच्याकडून मेण आणलं, कांड्यांवरचे उरलेसुरले दोरे जमवले. दोघं मिळून हरीण भरू लागली. त्याचं राठ बोट तिच्या बोटाला लागलं, की दोघंही तोच दोरा पुन्हा पुन्हा दाबत बसायची.

चित्र पुरं झालं, त्याच आठवड्यात हिलालला मस्कतचं काम लागलं. तीन वर्षांचं.

"हे मी घेऊन जाऊ?" त्यानं विचारलं.

"नाही. ते लोक चित्र देवापाशी ठेवून येतात. तूच वाचलंस ना?"

तापीकाठच्या पिंपळाच्या ढोलीत तिनं चित्र ठेवलं, हात जोडले.

"काय मागितलंस?"

"देवाला सांगितलंय."

"आणि मला?"

आठ दिवस तिनं मनात चांगलं शुद्ध वाक्य घोळवलं होतं. ते कुठं गेलं कोण जाणे. ओठांवर घरचीच बोली आली—

"माले तू जोयजे, हिलाल."

त्यानं चपला पायात सरकवल्या. म्हणाला, "मी हवा ना? मग चल. तुझ्या बापूंना आजच भेटतो."

बापूंनी त्याला तासभर बसवून ठेवलं, गाव विचारलं, कूळ विचारलं. शेवटी म्हणाले, "तीन वर्षांनी ये. पोरगी थांबली, तर माझी ना नाही."

मस्कतच्या विमानासाठी निघताना स्टेशनवर हिलालनं गाडीच्या खिडकीतून हळूच विचारलं, "थांबशील?"

तिनं खिडकीचे गज घट्ट धरले, आणि गाडी हलल्यावरही चार पावलं तशीच चालत गेली...