तारप्याकडे पाठ

योगिता प्रोजेक्टर आणायला डहाणूला गेली होती. धाकट्या बहिणीची, रुपलची, दुसऱ्या दिवशी हळद होती, आणि हळदीच्या संध्याकाळी अंगणात ‘आपला सिनेमा’ लावायचा हे पाड्यात ठरलेलंच असे. सायवनच्या पलीकडच्या त्या पाड्यात सिनेमाचं खरं नाव कुणी घेत नसे. योगिताचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी शूटिंगवाले गाड्या भरून आले होते. पाड्याच्या खळ्यावर त्यांनी शेवटचा नाच चित्रित केला आणि नायक-नायिकेच्या मागे पाड्यातल्याच बायका फेर धरून नाचल्या.

प्रोजेक्टर भाड्याने देणारा मिथुन म्हणाला, “तोच ना? आमची मम्मी अजून रडते त्या नाचाला. पुढच्या महिन्यात परत थिएटरला लागतोय, कळलं का?”

“लागू दे. खळं आमचं आहे, फुकट तिकिटं मागू,” योगिता हसून म्हणाली.

त्या नाचात काहीतरी होतं खरं. उद्यापासून नायक-नायिका एकमेकांना दिसणार नसतात, म्हणून अखेरचं नाचून घेतात. पुढे काय होणार ते पाठ असूनही माणसाला दर वेळी वाटायचं, या खेपेला त्यांचे हात सुटणार नाहीत. त्यांच्यामागे बायकांची साखळी, एकमेकींच्या कमरेला हात, सगळ्यांची हसरी तोंडं आपल्याकडे. आणखी मागे चैत्या तारपकरी गाल फुगवून तारपा फुंकतोय. गाण्यात मात्र ऐकू येतात ती व्हायोलिनं. साखळीच्या टोकाला एक बाई तेवढी पाठमोरी. ती ठकी, योगिताच्या काळीआजीची बहीण. तिचं तोंड सिनेमात कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्याबद्दल विचारलं की म्हातारी माणसं तंबाखू मळायला घेत.

चैत्या कधीच गेला. पण ते गाणं लावलं की त्याचा तडकलेल्या भोपळ्याचा तारपा अंगणाच्या मधोमध टोपलीवर ठेवायचा आणि नाचणारीने त्याच्याकडे तोंड करून नाचायचं, अशी पाड्याची रीत होती. तारप्याला पाठ दाखवायची नाही.

“का नाही?” योगिताने हळदीच्या दुपारी विचारलं.

“नाही म्हणजे नाही,” काळीआजी म्हणाली.

“हे उत्तर झालं का आजी? मला रील काढायचंय. जगाला काय आमच्या पाठी दाखवू?”

“जगाला काय दाखवायचं ते दाखव. तारप्याला पाठ दाखवू नको, पोरी.”

“त्याला फुंकणारा मेला. आता तो नुसता भोपळा आहे!”

आजी तंबाखू मळत उठून गेली. हेच योगिताच्या डोक्यात जायचं. हुकूम सोडायला ही माणसं पुढे, कारण सांगायची वेळ आली की जीभ जड.

दिवस कलला. आंब्याला बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर चित्र हललं. अंगणात हळदीचा, ओल्या शेणाचा आणि मोहाचा वास दाटला होता. योगिताने फोन काठीला अडकवून पडद्याच्या बाजूला उभा केला. शेवटचा नाच लागला तशा सगळ्या पोरींनी टोपलीवरच्या तारप्याकडे तोंड करून एकमेकींच्या कमरेला हात घातले. टोकाला रुपल, तळपायापर्यंत पिवळी. तिच्या वेणीला योगिताने स्वतःची हिरवी क्लिप लावून दिली होती.

“ताई, आजी ओरडेल,” रुपल कुजबुजली.

“ओरडू दे. वळा गं सगळ्या! माझ्याकडे बघा!”

आणि सगळ्या वळल्या. तारपा त्यांच्या पाठीमागे गेला.

योगिताची नजर फोनवर होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला पडद्यावर काहीतरी वेगळं हलल्यासारखं वाटलं, म्हणून तिने मान फिरवली. चादरीवर ठकी वळत होती... सावकाश, एकेक पाऊल टाकत. तिचं तोंड पुढे आलं. विशीतलं, घामाने भिजलेलं तोंड. डोक्यावरची मोळी उतरवताना बाई जसा श्वास सोडते, तसा तिने श्वास सोडला. मग साखळीतला हात काढून घेतला आणि ती पडद्याच्या कडेने निघून गेली.

“रुपल...” योगिता म्हणाली.

रुपलने शेजारणीच्या कमरेवरचा हात सोडला. ती एकटीच मागे वळली, तारप्याकडे तोंड करून नाचू लागली. गाणं संपलं. कुणीतरी मिथुनचा प्रोजेक्टर बंद केला. अंगणात फक्त तिच्या पावलांचा आवाज राहिला... धप, धप... धप, धप.

“बस झालं गं!” आई म्हणाली. “रुपल, बस!”

“आई, मी नाही नाचत,” रुपल म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “धर ना मला... कुणीतरी धरा ना!”

चौघांनी धरली. आडवी केली तरी पाय चालूच. डहाणूला दवाखान्यात नेली, झोपेचं इंजेक्शन दिलं. ती झोपली, पण चादरीखाली पावलं ठेका धरून होती. टाचांची कातडी सोलवटली, हळदीत रक्त मिसळलं. तलासरीहून नवरामुलगा हार्दिक धावत आला आणि कॉटशेजारी तिचे घोटे घट्ट पकडून बसला. लग्नाचा मुहूर्त टळून गेल्यावर त्याच्या हातातले पाय थांबले. तो बराच वेळ ते सोडत नव्हता.

रुपलच्या दहाव्याला काळीआजी बोलली. “त्या दिवशी सिनेमावाला म्हणाला, इकडे बघा, हसा. आम्ही वळलो. ठकी तेवढी नाही वळली. सगळ्यांच्या वाटचं नाचणं तिच्या एकटीवर आलं... तिचेही पाय असेच. पाणी पाजलं, बांधून ठेवली... तीही गेली.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?” योगिता किंचाळली. “एकदा! एकदा तरी सांगायचं होतं!”

“सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?”

या प्रश्नाचा राग योगिताला अजून येतो, आजीपेक्षा स्वतःचा जास्त.

त्या रात्री तिने फोनवर ते गाणं लावलं. साखळीच्या टोकाला एक पाठमोरी पोर होती. पाय पिवळे. वेणीला हिरवी क्लिप. मिथुनच्या दुकानात पाहिलं, बोर्डीच्या मैत्रिणीच्या टीव्हीवर पाहिलं, सगळीकडे तीच. लोकांना मात्र वेगळं काही दिसत नव्हतं. ते गाण्याखाली लिहीत होते, कितीही वेळा बघा, मन भरत नाही. कोण घरी, कोण रिक्षात, कोण दूर परदेशात ते गाणं लावत होतं. आणि प्रत्येकाने लावलं की तिथे रुपल नाचत होती. योगिताने गाण्याखाली लिहिलं, कृपा करून हे लावू नका, माझी बहीण दमली आहे. लोकांनी हसरे चेहरे टाकले.

महिना झाला. सिनेमा थिएटरला लागला. मिथुनने सांगितलं, गर्दी हटत नाही.

आई रोज दुपारी फोन घेऊन भिंतीला टेकून बसते. योगिताने दोनदा हिसकावून घेतला. “आई, तू लावतेस म्हणून तिला नाचावं लागतं! कळत कसं नाही तुला?”

“एवढी दुनिया लावते,” आई म्हणते. “मग मीच का तिला बघायचं नाही? एकदा तोंड बघू दे तिचं.”

आज योगिता विहिरीवरून आली तर आई दारातच उभी होती. सुतक लागल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं.

“योगे, आज तिचं कानातलं दिसलं. आणि गालसुद्धा, थोडासा. वळतेय गं ती...”

योगिताच्या हातातला हंडा कलंडला. फोन बंद होता, आईच्या मुठीत. तरी घरातून, जिथे तारपा बांधून माळ्यावर टाकला होता तिथून, कुणीतरी गाल फुगवून श्वास भरल्याचा आवाज आला.

आणि ओल्या ओसरीवर आईची उजवी टाच हलकेच आपटली... धप, धप.