मेंढरांनी सोडलेली खोली

“मॅडम, तुम्ही इतक्या लोकांच्या घरांचे नकाशे काढता, मग स्वतः भाड्याच्या खोलीत कशा काय राहता?”

चैतालीनं विचारून टाकलं. वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, की आर्किटेक्ट बाईसमोर हिची जीभ टाळूला चिकटणार. मागच्या वर्षी चिकटलीही असती. पण वक्तृत्वात तालुक्यात नंबर आल्यापासून ही दहावीतली पोर कुणाच्या बापाला भीत नव्हती.

शेजारी नव्या घराचा नकाशा काढून घ्यायला आलेले तिचे पप्पा, भगवंतराव, चहाचा कप हातात धरून कानकोंडे झाले. वृषाली मॅडम मात्र अशा हसल्या, की आळेफाट्याचं ते एवढंसं ऑफिस दणाणलं.

“अगं, ‘बस इथं’ म्हणणारी जागाच भेटली नाही मला. तुला भेटलीय ना? मग सांग, खोली कशी हवी?”

तिथून दोघींचं गूळपीठ जमलं. मॅडमची ताई झाली.

चैतालीच्या घराण्यात आजोबांच्या पिढीपर्यंत घर नावाची वस्तूच नव्हती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या आधी परत चढायचा. पुढं आणे गावाच्या पठारावर दोन पत्र्याच्या खोल्या झाल्या. त्यात चैताली झोपायची ती आईच्या शिलाई मशीनकडं पाय करून. दार लोटून घेता येईल अशी स्वतःची खोली तिनं फक्त सिरियलमध्ये पाहिलेली. म्हणून ताईनं पहिला नकाशा दाखवला तेव्हा ती अर्धा तास त्या चौकोनावर बोट ठेवून बसली. बोट उचललं तर खोली उडून जाईल असं.

जागेवर पांढऱ्या फक्कीनं आखणी झाली, आणि पप्पांचे चुलते म्हस्कूआजा काठी टेकत आले. घरातली उरलेली मेंढरं त्यांचीच.

“आता एक रात हितं मेंढरं बसवायची. मंग कुदळ.”

“नाना, आता कशाला ती रीत?” पप्पा म्हणाले.

“तुमी सगळं ठरीवलं. जागंला इचारलं का कुणी?”

ताईचे डोळे चमकले. “हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. बसवा, आजोबा!”

भोवतीनं वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. सकाळी चैताली कानटोपी घालून पळत गेली, तर मेंढरांनी घर ताब्यातच घेतलेलं. स्वयंपाकघरात मेंढरं, माजघरात मेंढरं, न्हाणीत एक कोकरू.

तिची खोली रिकामी होती.

एक लेंडीसुद्धा नव्हती तिथं. बाकी सगळं गवत दवानं पांढरं झालेलं, एवढा चौकोन कोरडा. तिनं हात टेकवला. ऊबदार. आत्ताच कुणीतरी अंथरुणातून उठून गेल्यासारखा.

“बिबट्या बसून गेला असंल,” पप्पा म्हणाले. पण मातीत पंजा नव्हता, आणि कुत्री रात्रभर हूं की चूं न करता झोपली होती.

“खाली कातळ असणार. दिवसाचं ऊन धरून ठेवतो,” चैतालीनं विज्ञान सांगितलं. ताईनं पहार मारली. पहार लोण्यात जावी तशी मऊ मातीत गेली.

म्हस्कूआजा तंबाखू मळत म्हणाले, “जागा धरलीया कुणीतरी.”

“कुणी, आजा?”

“मेंढराला ठावं. मला ग काय इचारती?”

“आपण प्रयोग करू,” ताई हळूच म्हणाली. चैतालीची खोली आणि कोठीची खोली यांची अदलाबदल. जुनी फक्की पुसली, नवी ओढली. कुठला चौकोन कुणाचा, हे दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आजांनाही नाही.

दुसऱ्या सकाळी आधीच्या जागी मेंढरं पाठीला पाठ लावून बसलेली. नवा कोपरा मोकळा. कोरडा. ऊबदार. फक्कीच्या रेघेवर एक खूर नव्हता.

“ताई, तुम्ही कुणाला बोललात?”

“नाही. तू?”

“आईशप्पथ नाही.”

ताई नकाशाची गुंडाळी करत म्हणाली, “तुझी खोली काढून टाकते मी. हॉल मोठा करू.”

पप्पांनी लगेच मान डोलावली. आई, निर्मलाबाई, तर आधीच कुलदैवताला नारळ बोलली होती. “माझ्यापाशी झोप की राणी. काय अडलंय खोलीवाचून?”

चैतालीनं ती गुंडाळी ताईच्या हातातून काढून घेतली. “मला एक संध्याकाळ द्या. मी स्वतः बसते आत.”

“लई शानी झालीस!” आई ओरडली. म्हस्कूआजांनी मात्र खांद्यावरचं घोंगडं काढून तिच्या हातात दिलं.

दिवस कलला होता. वारा पडलेला. चैताली कोपऱ्यातल्या चौकोनात घोंगडं पांघरून आडवी झाली. मोठी माणसं रेघेबाहेर उभी राहिली.

मेंढरं आली, रेघेशी थांबली.

मग एका म्हाताऱ्या मेंढीनं पाय आत टाकला. तिच्यामागं दुसरी. बघता बघता पायाशी, उशाशी, पाठीशी लोकरच लोकर.

“बघा!” चैताली हसत ओरडली. “बसली की सगळी!”

सगळी बसली होती. फक्त तिच्या डावीकडं जागा उरली होती.

माणूसभर लांब. तिच्याएवढंच माणूस मावेल अशी.

म्हातारी मेंढी त्या जागेपलीकडं बसली. मान लांब केली. हनुवटी टेकवली.

जमिनीवर नाही. जमिनीच्या वीतभर वर.

मेंढीनं डोळे मिटले. तिच्या कानामागची लोकर, कुणी बोटं फिरवावीत तशी, हळूच दुभंगली. मिटली. पुन्हा दुभंगली.

रेघेबाहेर ताई एक पाऊल मागं सरली.

चैतालीला ओरडायचं होतं. पण भीती येता येता कुठंतरी वाटेतच विरली. रोज कुणीतरी शेजारी झोपावं आणि आज ते जाणवावं, तसं झालं. थंडी वाढत होती. तिनं घोंगड्याची कड उचलली आणि डावीकडं सारली.

घोंगडं खाली पडलं नाही. कशावर तरी अलगद टेकलं.

थोड्या वेळानं ती कोपरावर उठली. आवाज अगदी नेहमीचा, ठणठणीत.

“आई, पप्पा, माझं ठरलंय. खोली होणार, आणि इथंच होणार. फक्त खाटा दोन घ्यायच्या.”

“दुसरी कुणाला गं?” आईनं रेघेबाहेरूनच विचारलं.

चैतालीनं डावीकडं बघितलं. जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली.

“नको, एकच घ्या. मेंढरांमागं भुईवरच झोपत आलेय, खाटंची सवय नाही, म्हणतीय.”