श्वास सोडणारा टायर

"कबूल कर! गाडीतली हवा तूच सोडतोस ना?"

काका कमरेवर हात ठेवून अंगणात उभे होते. त्यांची गाडी एका बाजूला कलून बसली होती. बसलेला टायर कोरा करकरीत, याच आठवड्यात घातलेला. संध्याकाळी काकांनी पंपाने हवा भरावी आणि सकाळी त्याने मान टाकावी, असं रोज चाललं होतं.

आरोपी होता टिल्लू, घरातला सगळ्यात धाकटा. त्याच्या खिशात टायरच्या नळीचं काळं टोपण सापडलं होतं!

"टोपण माझ्याकडे आहे," टिल्लू मुसमुसत म्हणाला, "पण हवा नाहीये माझ्याकडे! टोपण मला खाली पडलेलं मिळालं."

"खोडकर पोरांना घेऊन मी लांब जाणार नाही. उद्याचं बंदर रद्द!"

टिल्लूची बहीण इतका वेळ गाडीच्या काचेत उतरलेले ढग बघत होती. म्हणूनच तर सगळे तिला ढगी म्हणायचे. 'रद्द' ऐकताच ती ढगांतून धाडकन खाली आली. बाबा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. उद्या त्यांचं जहाज बंदरात लागणार होतं, तेही फक्त दुपारपर्यंत. मग पुन्हा कितीतरी महिने नुसता समुद्र! आणि बंदरावर पोचायला ही गाडी सोडून दुसरी सोय नव्हती. बाबांचा चेहरा आठवायला हल्ली तिला डोळे मिटावे लागत, ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

काका आत गेल्यावर टिल्लूने डोळे पुसले. "मी खोटंच कबूल करतो. मग तरी नेतील."

"वेडा आहेस का!" काकांचा मुलगा, त्यांचा मावसभाऊ म्हणाला. तो कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याचं नाव वकील. "न केलेला गुन्हा कबूल? माझं अशील असं करणार नाही!"

"आणि कबूल केलंस तरी टायर बसायचा तो बसणारच," ढगी म्हणाली. "भर रस्त्यात बसला तर? आपण आधी चोर शोधू."

वकिलाने जोर लावून पंप मारला, टायर फुगवला आणि तिघं पडवीत पहाऱ्याला बसली. दुपार जडावली. पानांच्या सावल्या गाडीवर हळूहळू सरकत होत्या. टिल्लू पेंगायला लागला. वकील माशीशी हुज्जत घालू लागला. गाडीजवळ चिटपाखरूही फिरकलं नाही, तरी टायर खालून पसरट होत चालला होता.

ढगी उठली आणि टायरला कान लावून बसली. रबराचा उबदार वास येत होता. तिने डोळे मिटले. आधी काहीच नाही, मग अगदी बारीक, झोपलेल्या बाळासारखं... श्श्श...

"तो श्वास सोडतोय!" ती कुजबुजली.

"झालं! लागली तंद्री!" वकील म्हणाला.

"अरे, खरंच! कुणी हवा सोडत नाहीये. ती आपणहून जातेय. पण कुठून?"

टिल्लूने फुगे उडवायच्या साबणपाण्याची बाटली आणली. ढगीने ते नळीवर चोपडलं. काही नाही. टायरच्या नक्षीवर चोपडलं. तिथेही काही नाही. मग टायर जिथे लोखंडी रिमला टेकतो, त्या काठावर तिने बोट फिरवलं आणि तिथे बुडबुडे उमलू लागले! चिमुकले, इंद्रधनुषी, एकाला एक चिकटलेले. तिघं तोंडं उघडी टाकून बघत राहिली.

ढगीने फेस पुसला, तर बोटावर चंदेरी पापुद्रा आला.

"हा रंग..." वकिलाने अंगणात नजर फिरवली. फाटक चंदेरी, बादली चंदेरी, स्टूलही चंदेरी. चार दिवसांपूर्वी काकांना रंगाचं वेड लागलं होतं! "माझ्या बाबांनी रिमपण रंगवली!"

"चारही रंगवल्या," मावशी दारातून म्हणाली. "हिचा तर टायर काढलेलाच होता म्हणून आतून-बाहेरून. वर रंग ओला असतानाच उचलून नवा टायर बसवायला दुकानात घेऊन गेले!"

काकांना बोलावलं. त्यांनी हसून उडवून लावलं. ढगीने पुन्हा काठावर साबणपाणी लावलं. बुडबुडे आले. काकांचं हसू ओसरलं.

टायरच्या दुकानात टायर उतरवला, तर आतल्या काठावर रंगाच्या पापुद्र्यांची खपली धरलेली!

"या टायरला आत ट्यूब नसते," टायरवाला कान खाजवत म्हणाला. "तो रिमला घट्ट बसला तरच हवा राहते. रंग ओला दिसत होता खरा... पण साहेब घाई करत होते."

"आणि मी समजलो, चालत असेल," काका पुटपुटले.

तारेच्या ब्रशने काठ घासून लख्ख केला. टायर पुन्हा चढला. साबणपाणी टिल्लूने लावलं. सगळे वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा नाही!

काकांनी काळं टोपण टिल्लूच्या तळहातावर ठेवलं. "टोपण मीच लावायला विसरलो होतो. आणि आळ तुझ्यावर घेतला. चुकलो रे मी. लाव तूच."

सकाळीही टायर ताठ होता. बंदरावर गर्दीतून बाबा धावत आले आणि त्यांनी दोघांना एकदमच उचललं.

"ही पोरं नसती ना, तर आम्ही घरीच बसलो असतो!" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते. "आणि ढगीचे कान म्हणजे काय सांगू!"

ढगीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिचा कान बाबांच्या छातीला लागला होता. आत मोठा, सावकाश श्वास चालू होता. तिने डोळे मिटले नव्हते. आज त्याची गरजच नव्हती.

टिल्लू मात्र बाबांच्या गालाकडे काळजीने बघत होता. त्याने खिशातून साबणपाण्याची बाटली काढली.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही गळताय!"