पलीकडे मिटलेले पान

चिदंबरमामांनी तिण्णैवरचा, दारापुढच्या ओट्यावरचा, दिवा बारीक केला. भाचरे ओट्यावर जवळ सरकली.

"शेषगिरीला मी ओळखत होतो," मामा म्हणाले. "ज्याला खोटे वाटेल त्याने उठून जावे."

कोणी उठले नाही.

शेषगिरी यात्रा नेई. होगेनक्कलच्या धबधब्यापासून कावेरीच्या खोऱ्याने भवानी, श्रीरंगम, तंजावूर, कुंभकोणम. सन अठ्ठावन्न, आडि अमावास्येची, पितरांच्या तिथीची, आदली रात्र. बस पापनाशमच्या धर्मशाळेशी थांबली आणि तो केळीची पाने आणायला बाजारात गेला. मन थाऱ्यावर नव्हते. एक पान टोकाला फाटकेच आले. ते त्याने स्वतःसाठी ठेवले.

यात्रेच्या पहिल्याच दिवशी धबधब्यावर यात्रेतले वेंकटराव खडकावरून घसरले होते. पाहिले ते एकट्या शेषगिरीने. एक हात वर आला, फेसात बुडाला. हाक मारली असती तर होड्या धावल्या असत्या. पण यात्रा तिथेच मोडली असती. तो गप्प राहिला. "त्यांचे पोट बिघडले, घरी जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिले," असे सर्वांना सांगून त्या रात्री तो दोनदा भात मागून जेवला.

"शी!" एक भाची म्हणाली.

"शीच," मामा म्हणाले.

पापनाशमला पंगत बसली. स्वयंपाकीण शेषम्माने शेषगिरीच्या शेजारी एक पान अधिक मांडले, वाढलेही.

"हे कोणाचे, अक्का?"

"अय्यो, वेंकटरावांचे! दर वर्षीच्या यात्रेत तिथेच बसत. हात आपसूक गेला."

"उचल ते."

"वाढलेले पान उपाशी उचलू? राहू दे. तुझ्या बापाचे काय जाते?"

पंगत हसली. शेषगिरीही हसला. जेवून त्याने आपले पान रीतीप्रमाणे स्वतःकडे मिटले आणि परसात टाकले. पलीकडे मिटतात ते फक्त श्राद्धाच्या जेवणात.

सारे निजले. त्याला झोप येईना. ते भरले पान डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तेही फेकायला तो उठला.

जेवणघराच्या दाराशी वास आला. कुजका गाळ. मेलेले मासे.

आत अंधार. अंधारात भुरका. रसमाचा, लांब, लाळेचा. मग बोटे चाटल्याचा आवाज… एकेक बोट… सावकाश…

त्याने उंबऱ्यावरूनच विचारले.

"वेंकटराव?"

चाटणे थांबले.

"मी… मी पाहिलेच नव्हते…"

तेव्हाही खोटेच.



मग एक ओली, तृप्त ढेकर.

उजाडल्यावर शेषम्मा केरसुणी घेऊन आत गेली आणि तिने शेषगिरीला हाक मारली. वेंकटरावांचे पान चाटूनपुसून स्वच्छ होते. पलीकडे मिटलेले.

"शेषगिरी," ती हळूच म्हणाली, "वेंकटराव घरी पोचले ना रे?"

"पोचले," शेषगिरी म्हणाला.

आणि त्याची नजर शेजारी गेली.

तिथे आणखी एक पान होते. गाळाने लडबडलेले. टोकाला फाटके.

तेही पलीकडे मिटलेले.