मिठाची मुलगी, सोड्याची भट्टी

दक्षिण कोरियातल्या यॉजू गावच्या बाजारात त्या सकाळी खायचा सोडा मिळत नव्हता. होता तसा… चार पोती डोळ्यांसमोर होती, पण एका उंच माणसाच्या टेम्पोत.

"एवढ्या सोड्यात किती केक फुगणार आहेत?" दानबीने त्याला सरळच विचारलं.

तो वळला. "केक नाही, वाडगे."

"वाडगे फुगतात?"

"चकाकतात."

त्याच्या नखांत माती होती. दानबीने खिशातले हात बाहेर काढून आपलीही मातीने भरलेली नखं त्याच्यापुढे धरली. तो हसला, आणि एक पोतं उचलून तिच्या गाडीत ठेवलं.

त्याचं नाव सॉकजू. नदीपलीकडच्या टेकडीवर त्याची गॅसची भट्टी होती. भट्टी पुरती तापली की तो पाण्यात विरघळवलेला सोडा आत फवारायचा. त्याची वाफ मडक्यांवर बसून झिलई व्हायची, आणि जिथे ज्वाळ चाटून जाईल तिथे नारिंगी झाक उमटायची. दानबी मात्र मिठाच्या घरातली. तिचे बाबा किमची, म्हणजे खारवलेल्या कोबीचं लोणचं, मुरवायचे रांजण करायचे. तापल्या भट्टीत मूठमूठ मीठ टाकायचे, मग धूर कोंडून रांजण राखाडी-काळे करायचे. पण भट्टीच्या शेजारी नव्या इमारती उभ्या राहिल्या. मिठाचा धूर लोकांच्या डोळ्यांना, छातीला झोंबू लागला, तक्रारी झाल्या, आणि गेलं वर्षभर भट्टी थंड पडून होती. सोड्याचा धूर तसा झोंबत नाही असं दानबीने ऐकलं होतं. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की पाव फुगवायच्या पावडरीने रांजण होत नसतात. त्यावर दानबीने वाद घातला नाही. गाडीची किल्ली घेतली आणि बाजारात आली.

पुढच्या शनिवारी ती टेकडीवर गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. सॉकजू काही हातचं राखत नसे. सोड्याचं पाणी किती गरम हवं, नळी कुठल्या भोकातून किती आत घालायची, मडक्यांच्या बुडाखाली मातीच्या गोळ्या का ठेवायच्या, सगळं करून दाखवायचा. दाखवताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा, आणि दोघंही… तो लागलाच नाही असं दाखवायची. तिनेही मग त्याला बाबांची विद्या दिली. भट्टी भरताना मडकी अशी मांडायची, की ज्वाळेला सरळ पळताच येऊ नये, वळसे घेत जावं लागेल.

"ज्वाळेला अडवायचं?" त्याने विचारलं.

"अडवायचं नाही. रेंगाळायला लावायचं."

"हे तुम्हाला चांगलं जमतं, दानबी. मी तीन शनिवार रेंगाळतोय."

"मग 'तुम्ही' कशाला? 'तू' म्हणायला चौथा शनिवार लागणार?"

त्याचे कान लाल झाले. भट्टीच्या धगीने, असं तो म्हणाला. भट्टी तेव्हा पेटलेली नव्हती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठी भट्टी लागली. आत सॉकजूचे चाळीस वाडगे होते, सोलमधल्या प्रदर्शनासाठी घडवलेले, आणि मधोमध दानबीचा गुडघ्याएवढा रांजण. पहाटे पेटवलेली भट्टी दुपारी तीनला हवी तशी तापली. दोघांनी दोन बाजूंनी सोडा फवारला. झिलई तपासायला आत ठेवलेली मातीची कडी सॉकजूने लोखंडी सळईने बाहेर काढून पाण्यात बुडवली. झिलई छान बसली होती. आता गॅस बंद करायचा, एवढंच उरलं होतं.

"आता इथे बाबा असते तर धुराड्याची झडप लावून धूर कोंडला असता," दानबी म्हणाली. "पाव तास. रांजण काळा व्हायला तेवढं पुरे."

"आणि वाडगे?"

"ते माहीत नाही. तेही काळवंडतील कदाचित."

बारीक पाऊस पडत होता. छपरावरून तो दोघांच्या मध्ये टपटपत राहिला. सॉकजूने भट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जाड हातमोजे काढून तिच्या हातात दिले.

"लाव."

भट्टी निवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा रांजण तसाच निघाला होता, बाबांच्या रांजणांसारखा गडद राखाडी, खांद्यावर मात्र पिकल्या पर्सिमन फळासारखी एक नारिंगी झाक. बाबांच्या रांजणांवर ती कधीच नव्हती. वाडग्यांपैकी निम्मे धुराने काळवंडले होते. सॉकजूने एकेक उचलून उजेडात धरला, खाली ठेवला, आणि बाहेर गेला.

दानबी त्याच्या मागे धावली नाही. तिने वाडग्यांच्या बुडाला चिकटलेल्या गोळ्या घासून काढायला घेतल्या, चाळीसच्या चाळीस. तो अर्ध्या तासाने परतला, तेव्हा त्याचा चेहरा ओला होता आणि हातात गरम भाताचे दोन डबे होते.

"रागावलायस," ती म्हणाली.

"होतो. तोंड धुतलं." त्याने एक काळा वाडगा उचलला. आतल्या बाजूला तांबूस रेघ उमटली होती, ज्वाळेने वळसा घेतला होता नेमका तिथे. "नारिंगी वाडगे मी आठ वर्षं करतोय. हे मला करता आले नसते. वीस जातील प्रदर्शनाला… हे वीस."

"मी माफी मागणार नव्हतेच."

"माहीत आहे. जेव."

ती जेवली. डबा संपत आला तसा तो जरा अडखळत म्हणाला, "जानेवारीत पुढची भट्टी लावतोय… येशील?"

"भट्टीसाठी नाही येणार."

त्याचा चमचा थांबला.

"तुझ्यासाठी येईन," दानबी म्हणाली. "भट्टी लागलेली असली तर बरंच."

सॉकजूने डबा बाजूला ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. दोघांची बोटं सारखीच खरखरीत होती. "मी हे पहिल्याच शनिवारी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "मला तू हवीयेस, दानबी. रोज."

तिने त्याचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने घरी फोन लावला. सोड्याच्या भट्टीत रांजण नीट काळा झालाय, खांद्यावर एक रंगाची झाकही आहे, असं तिने बाबांना सांगितलं. खांद्यावर रंग कसला, वाजवल्यावर आवाज कसा येतो, बाबांनी दोन-तीनदा खोदून विचारलं. मग तिने सांगितलं, की रांजणासोबत एक माणूसही घेऊन येतेय.

"सोडेवाला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"रविवारी आण. घरात किमची घालायचीय, दीडशे गड्डे कोबी आलाय. रांजण त्याच दिवशी भरून बघू."

दानबीने फोन ठेवला आणि सॉकजूच्या हातांकडे पाहिलं.

"दीडशे गड्डे कोबी मिठात घालायचाय," ती म्हणाली. "वाकून काम केलं की पाठ धरते का तुझी?"

"धरते," तो म्हणाला. "किती वाजता निघायचं?"